रुखवतातलं लँडर

माझ्या भाचीच्या लग्नात पहिली थप्पड नवरीनं मारली, दुसरी नवरदेवानं. त्यानंतर कोणी कोणाला मारलं ते कोणालाच नीट सांगता आलं नाही, पोलिसांनी विचारलं तेव्हाही नाही. खुर्च्या उडाल्या. आचाऱ्याचा झारा एकाच्या टाळक्यात बसला. नवरदेवाच्या मावसभावाचा दात पडला आणि तो तोंडावर रुमाल धरून जमिनीवर दात शोधत होता. या सगळ्याच्या मधे, जळत्या टेबलावर, आम्ही केलेलं लँडर उभं होतं. पत्र्याचं, चार पायांचं, चंद्रावर उतरलेल्या यानाची बरोबर एक चतुर्थांश मापाची नक्कल. भांडण त्याच्यावरूनच पेटलं होतं.

नातेवाईक आजही म्हणतात, बाईनं, म्हणजे मी, तो डबा रुखवतात ठेवला नसता तर लग्न सुरळीत लागलं असतं. खरं आहे. लागलं असतं, आणि पोरगी मानोऱ्याला त्या माणसाच्या घरी गेली असती.

मी वाशिमला राहते आणि रुखवत बनवते. विकत देते, भाड्यानंही देते. थर्माकोलची सप्तपदी, सुपारीचे नवरा-नवरी, डाळ-तांदळाचा गणपती, मोत्यांची तुळस. या धंद्यात माप नावाची गोष्ट नसते. तुळस बाहुलीच्या तिप्पट असते, रहाट विहिरीपेक्षा मोठा असतो, आणि जिथं गोंद ओघळला तिथं मोती चिकटवायचा. कोणी विचारत नाही. नवरदेवाकडच्या बायका येतात, "मायबई, किती छान" म्हणतात आणि जाताना एखादी वस्तू पदराआड घालून नेतात.

चंद्रयान उतरलं त्या वर्षी एका शाळेनं प्रदर्शनासाठी त्याची प्रतिकृती मागितली. मी नेहमीसारखी केली. थर्माकोल, सोनेरी कागद, कडेनं चमकी. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तेव्हा कॉलेजसाठी मेडशीहून येऊन माझ्याकडे राहायची. ती दारात चप्पल काढता काढता थांबली.

"मावशी, हे काय वं? याले पाच पाय कायले?"

"चार पाय म्हशीले असतात. पाचानं भरल्यासारखं दिसते."

ती हसत सुटली. मग फोनवर फोटो काढून माझ्या नाकासमोर धरला. मी चष्मा लावून मोजले. चार. शाळेनं पाच पायांचंच नेलं, हार घातला, पाहुण्यांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतले. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र डोक्यातून जाईना. गणपतीचे हात मी कधी चुकवले नव्हते, आणि खरोखर बनलेल्या, खरोखर तिथं जाऊन उभ्या राहिलेल्या वस्तूला मी एक पाय जास्तीचा लावला होता. पुढच्या महिन्यात आम्ही दुसरं करायला घेतलं. ते कोणीही मागितलेलं नव्हतं.

हा नाद ज्याला नाही त्याला समजावणं कठीण आहे, आणि वाशिममधे तरी मला दुसरं कोणी नादिष्ट भेटलेलं नाही. यानावर शोभेचं काही नसतं. प्रत्येक दांडी कशासाठी तरी असते. एक गाळली असती तर ते वर मेलं असतं, हे एकदा कळलं की आपल्यालाही ती गाळता येत नाही. चुकलं तर मोती चिकटवता येत नाही, उसवून परत करावं लागतं. बायकांच्या हातकामाला लोक "किती हौशीनं केलंय" म्हणतात. इथं हौस चालत नाही, माप चालतं. खऱ्याची बाजू चार हात तर आपली एक हात, विषय संपला. नवरा म्हणायचा, तुझं चुकलं तर पाहणार कोण? पाहणारं कोणी नव्हतं. म्हणूनच मजा होती.

कामही अंगावर येणारं होतं. पत्रा तेलाच्या डब्यांचा. तो कापताना हात चिरायचा, जोडाला डाग देताना वितळलेलं कथील उडून मनगटावर बसायचं. आमच्या दोघींच्या बोटांना कायम पट्ट्या होत्या. पाय सायकलच्या तारांचे केले. पितळी रंगाचं जे आवरण खऱ्या यानावर दिसतं त्यासाठी सोनेरी कागद लावून पाहिला, तो लग्नातल्या घोड्यासारखा दिसला. शेवटी भाचीनं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून एक तांबूस-पिवळी टेप आणली. सोल्डरिंग करताना आजूबाजूचं जळू नये म्हणून ते लोक ती चिकटवतात. यानावरचं आवरणही त्याच जातीचं असतं असं ती म्हणाली. लावल्यावर मी पाच मिनिटं नुसती बघत बसले.

जाड पत्रा तेवढा मी एका टिनवाल्या चाचांकडून कापून आणायची. कूलर आणि कोठ्या करणारे, तोंडात कायम पान.

"बाई, ये डब्बा किस काम का?"

"चांदपर जाना है, चाचा."

"तो कफन भी सिलवा लो. वापस आने का छेद तो इसमें दिखताच नहीं."

सगळ्यात जास्त वेळ पायांनी खाल्ला. आधीच्या खेपेचं यान उतरताना आदळून गेलं होतं. म्हणून या वेळी पाय मजबूत केले, हे आम्ही दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून पाहिलं. पायाच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी धातूची जाळी असते. यान जमिनीवर आपटलं की ती चुरगळते, सगळा मार स्वतः खाते आणि वरचं यंत्र वाचवते. भाचीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे मार खायसाठीच बनवली."

"हाव. पण एकाच वेळेस, मावशी. दुसऱ्या वेळेस थे काहीच कामाची नाई."

मार हा विषय आम्हा दोघींना नवीन नव्हता. माझा बाप आईला बैलाच्या कासऱ्यानं मारायचा, आणि मारून झालं की तोच कासरा खुंटीला नीट गुंडाळून ठेवायचा. माझ्या नवऱ्यानं लग्नानंतर दोन-चार वर्षं हात उचलला. मग एकदा मी पत्र्याची कात्री त्याच्या मनगटात घातली. टाके पडले. त्यानंतर उचलला नाही, आणि आमचं बरं चाललं आहे. तो टेम्पो चालवतो, माझं रुखवत गावोगाव पोचवतो. हा उपाय मी कोणाला सांगत नाही. कोणावर उलटला तर माझ्या दारात येतील.

बहिणीचा नवरा मात्र मारतच राहिला. शेतीत कष्टाळू, दारू नाही, पत्ते नाहीत, आणि हाताला काही लगाम नाही. भाची सहा महिने माझ्याकडे डाग देत बसते हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो मेडशीहून सकाळच्या गाडीनं आला. ती चौथा पाय जोडत होती. तो दारातून थेट तिच्यापर्यंत गेला आणि तिची वेणी मुठीत घेतली.

"तुले शिकाले धाडलं का डबे जोडाले?"

"बाबा, हातात गरम हाये, थांबा न—"

तो थांबला नाही. तापलेली सळी तिच्या हातातून माझ्या पायावर पडली. मी ओरडले, ती ओरडली, त्यानं तिला तसंच ओढत अंगणात नेलं आणि शेजाऱ्यांसमोर दोन ठेवून दिल्या. "बाईच्या नादी लागून वाया चालली," म्हणाला. मला म्हणाला, "तुमाले लेकरू नाई म्हणून दुसऱ्याचं नासवता का?" मी पायावर पाणी ओतत राहिले.

दोन महिन्यांत त्यानं स्थळ आणलं. मुलगा मानोऱ्याचा, स्वतःचं खत-बियाण्याचं दुकान, उंचपुरा. पाहायला आला तेव्हा माझ्याही पाया पडला. भाचीला विचारलं तर म्हणाली, "बरा वाटते, मावशी. बाबापासून त सुटतो." ती हे हसून म्हणाली आणि मीही हसले. आमच्याकडे पोरी लग्नाला हो म्हणतात त्यातल्या निम्म्या याच कारणासाठी म्हणत असतील.

तिचा एकच हट्ट होता. लँडर रुखवतात ठेवायचं.

"ते रुखवत नाहीये," मी म्हटलं. "तिथं लोक बोट लावतात, मुरडतात, उचलतात."

"सप्तपदी तुमी थर्माकोलची विकत देता, थे माह्या हातची म्हणून मांडता. मंग जे खरंच माह्या हातचं हाये थे काहून नाई मांडायचं?"

मी रुखवताच्या यादीत लँडर लिहून घेतलं.

लग्न वाशिमजवळच्या मालेगावच्या पुढं, रस्त्याकडेच्या एका कार्यालयात होतं. उन्हाळा असा की पडद्यांना हात लावला तरी चटका बसावा. मी रुखवताची टेबलं मांडली, मधल्यावर लँडर ठेवलं, आणि नवरदेवाकडच्या बायका बघायला आल्या.

"हे कूलर हाये का वं?"

"टाकी असन पान्याची."

"यात जवारी किती मायते, बाई?"

मी सांगितलं की हे चंद्रावर उतरतं. एकीनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बसाले जागा त काहीच नाई." मला त्या बाईचा राग आला नाही. निदान तिनं आत तरी पाहिलं.

मग वरात आली. डीजेच्या आवाजानं टेबलावरच्या सुपाऱ्या थरथरत होत्या. नवरदेव घोड्यावरून उतरला, मारुतीच्या पाया पडून आत आला, आणि त्याच्यामागं त्याचे सात-आठ दोस्त, घामानं भिजलेले, डोळे लाल. वरातीतल्या आतषबाजीतले दोन-तीन अनार एकाच्या खिशात उरले होते. ते रुखवताजवळ येऊन थांबले.

"अबे, रॉकेट!"

"उडवून पाहू का बे? मस्त रील होईन."

मी म्हटलं, "बाबू, ते रॉकेट नाही. ते उडत नाही, उतरतं."

"मावशी, उडल्याशिवाय उतरन कसं? तुमी हटा जराशा."

सगळे खो-खो हसले. खिशातला अनार त्यानं लँडरच्या पोटाखाली, चार पायांच्या मधे ठेवला. तिथं इंजिनं असतात, म्हणजे जागा त्यानं बरोबर शोधली होती. पण चंद्रावर उतरणारं यान खालून पेटवून आकाशात पाठवायचं, तेही चहूबाजूंनी थर्माकोल आणि सॅटिनचे पडदे असताना, हे सुचायला वरातीतलाच दोस्त पाहिजे. मी त्याची कॉलर धरली. त्यानं मला ढकललं, टेबलाची कड माझ्या बरगडीत बसली आणि श्वास गेला. नवरदेव समोर उभा राहून फोनवर शूटिंग करत होता. "जल्दी लाव बे," तो म्हणत होता, "भटजी बोलावून राह्यला."

अनार पेटला. आधी पांढरा फवारा लँडरच्या पोटावर आपटला आणि चारी बाजूंनी खाली पसरला. मग सप्तपदी पेटली. थर्माकोल जळताना वितळून काळे थेंब पडतात. ते टेबलावरच्या कापडावर पडले आणि कापड भपकन पेटलं. कोणीतरी आग आग म्हणून किंचाळलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: टेप टिकली. सगळं भोवती जळत होतं आणि लँडरला नुसती काजळी धरली होती.

नवरीच्या खोलीचं दार तिथून दहा पावलांवर होतं. आवाज ऐकून भाची बाहेर आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातभर चुडा. तिनं टेबल पाहिलं, अनारवाला पाहिला. तो अजून हसत होता. ती सरळ गेली आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की चुड्यातल्या दोन बांगड्या फुटून त्याच्या गालात रुतल्या.

डीजे बंद झाला होता, त्यामुळे तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

नवरदेवानं फोन खिशात ठेवला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं "रागाच्या भरात झालं" असं सगळ्यांनी म्हटलं. रागाच्या भरातला माणूस आधी फोन नीट खिशात ठेवत नाही.

"माह्या दोस्तावर हात टाकते?" तो म्हणाला. "माह्या लग्नात?" आणि पहिली उघड्या हाताची मारली. तिचा चेहरा वळला. तो परत सरळ होईपर्यंत त्यानं मूठ बांधली. तिच्या वडिलांनीच घातलेली सोन्याची अंगठी त्या मुठीत होती. ती भुवईवर बसली आणि कातडं फाटलं. मुंडावळ्यांच्या मोत्यांवरून रक्त खाली आलं.

मग सगळे तुटून पडले. भाचीच्या चुलतभावांनी खुर्च्या उचलल्या, मेडशीची पंगत पत्रावळी सोडून धावली, आचारी कढईजवळून झारा घेऊन आला. तो कोणाच्या बाजूनं होता हे त्यालाही माहीत नसावं. माझ्या नवऱ्यानं पाण्याचा ड्रम टेबलावर आडवा केला. आग विझली, लोक ओल्या फरशीवर घसरून एकमेकांवर पडले आणि पडल्या पडल्याही मारत राहिले. मी लँडर दोन्ही हातांनी उचललं, बगलेत धरलं, भाचीला दंडाला धरून खोलीत ओढलं आणि कडी लावली.

बाहेरची मारामारी जितक्या लवकर पेटली तितक्याच लवकर मिटली. म्हाताऱ्यांनी मधे पडून मिटवली. दाराला कान लावून मी ऐकत होते. मुहूर्त टळून राह्यला. जेवण वाया जाईन. पोरापोरांचं झालं, आपल्या मान्साईनं कायले वाढवायचं. नवरदेवाकडचे म्हणत होते, "नवरीनं दोस्ताची माफी मागावं, मंग आमची काही तक्रार नाई."

आत माझी बहीण भाचीच्या भुवईवर हळद दाबत होती. मेकअपवाली पोरगी पावडरचा डबा हातात घेऊन विचारत होती, "याच्यावरून लावू का?"

भाची म्हणाली, "मावशी, मी नाई जात त्याच्या घरी."

तेवढ्यात तिच्या बापानं दार ठोठावलं. मेकअपवालीनं घाबरून उघडलं. त्याच्या सदऱ्याची एक बाही गेली होती, म्हणजे तोही बाहेर मारून आला होता, आपल्या पोरीसाठीच. पण आत आला तो दुसरंच घेऊन.

"चाल. माफी माग आन् बोहल्यावर उभी राह्य."

"बाबा, त्यानं काय मारलं पाह्यलं न तुमी?"

"तू आधी मारलं."

"मी नाई जात."

त्यानं मारली. त्याच बाजूला, जिथं ती हळद दाबलेली होती. ती भिंतीवर आदळून खाली बसली. तो पुन्हा वाकला तेव्हा मी मधे गेले.

"जवाई, पुरे."

"तुमी बाजूले व्हा, बाई. तुमच्याच डब्यानं हे समदं झालं." आणि त्यानं माझ्या कानावर मारली. कान सुन्न झाला. माझ्या दोन्ही हातांत लँडर होतं. दुसरं काही हातात असतं तर मी ते मारलं असतं. ते होतं म्हणून तेच मारलं. खालून वर, सगळा जोर लावून. लँडरचा एक पाय, सायकलच्या तारा एकत्र वळून केलेला, टोकाला पत्र्याचा तळवा असलेला, त्याच्या दंडात घुसला.

तो दंडाकडे बघत राहिला. मी ओढलं तसं रक्त सदऱ्यावर उतरलं आणि पाय मुडपून बाजूला झाला.

मग माझी बहीण उठली. तीस वर्षांच्या संसारात मी तिला नवऱ्यापुढं मान वर करताना पाहिलं नव्हतं. ती मागच्या दाराकडे गेली, जे आचाऱ्यांच्या अंगणात उघडायचं, आणि त्याची कडी काढली.

"जाय," ती पोरीला म्हणाली. "जाय न वं. पाहून काय राह्यली?"

"आई, तू?"

"माहं मी पाहून घेईन. तू जाय."

आम्ही भांड्यांच्या ढिगांवरून, बुंदीच्या परातींमधून बाहेर पडलो. लँडर खोलीतच राहिलं. टेम्पो मागं लावलेला होता. नवऱ्याला काही सांगावं लागलं नाही. भुवई फुटलेली नवरी आणि कान धरलेली बायको पाहून त्यानं चावी फिरवली. पण फाटकाबाहेर पडताना नवरदेवाच्या दोस्तांनी पाहिलं. "नवरी पळून राह्यली बे!" पहिला दगड मागच्या पत्र्यावर बसला. दुसरा समोरच्या काचेतून आत आला. नवऱ्याच्या गालावर आणि हातांवर काचा उडाल्या. भाची माझ्या पायाशी खाली बसली होती, तिच्या डोक्यावर मी पदर आणि हात दोन्ही धरले होते. मोटारसायकलवर तिघं बाजूनं आले आणि दारावर लाथा घालत होते. नवऱ्यानं टेम्पो त्यांच्या अंगावर घातला. ते खड्ड्यात उतरले. मेले नाहीत. मी मागं वळून खात्री करून घेतली, माणुसकी म्हणून नव्हे, पुढं कोणतं कलम लागेल ते समजावं म्हणून.

आम्ही घरी गेलो नाही, सरळ ठाण्यात गेलो. तिथून दवाखान्यात, टाके घालून पुन्हा ठाण्यात. भाचीनं तक्रार दिली. तिच्यामागोमाग नवरदेवाकडच्यांनी दिली. आणि तिच्या बापानं माझ्याविरुद्ध दिली, घातक हत्यारानं वार केल्याची. हत्यार जप्त करून आणलं गेलं तेव्हा लेडी कॉन्स्टेबलनं ते टेबलावर ठेवून विचारलं, "याला काय लिहू?"

भाचीच्या डोळ्यावर पट्टी होती. तरी ती नीट बसून म्हणाली, "चंद्रावर उतरणारं यान. प्रमाण एकास चार. चार पाय, एक वाकलेला."

कॉन्स्टेबलनं लिहिलं: पत्र्याचा डबा, एक नग.

ते अजून त्यांच्याकडेच आहे. खटला चालेल तोवर मिळणार नाही, असं वकील म्हणाले. आम्ही आता एक उपग्रह करतोय, मंगळाभोवती फिरणारा. त्याला पाय नाहीत, हे नवऱ्याला फार पसंत पडलं.

बहिणीनं माझं मी पाहून घेईन म्हटलं होतं. तिनं पाहिलं ते असं की दंडाची जखम बरी होईपर्यंत तो शांत होता, आणि नंतर त्यानं तिचं मनगट मोडलं. ती हात गळ्यात बांधून वाशिमला आली, आठवडाभर राहिली आणि परत गेली. मी थांब म्हटलं. ती म्हणाली, "सोयाबीन सवंगायचं हाये." शेतात कापणी आली होती. मी जास्त आग्रह केला नाही. तिनं ज्या दिवशी कडी काढली त्या दिवशी तिला किंमत माहीत होती, आणि ती तिनं स्वतःसाठी काढली नव्हती.

मध्यस्थ मात्र येत राहिले. परवा नवरदेवाचा मोठा मामा आला. साडी, नारळ, पेढे. समोरच्या खोलीत माझ्या अर्धवट सप्तपदीशेजारी ऐसपैस बसला. भाची खाली बसून पत्रा कापत होती. तिची भुवई मधे दुभंगली आहे, तिथं केस येत नाहीत. तो तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलत होता.

"पोरगा आता सुदरला, बाई. रागात होते मान्साचं. अजून बी तयार हाये थो. फक्त केस मागं घ्या, आन् पोरीले धाडा. मोठ्या मनानं करून राह्यलो आमी."

मी काही बोलणार तोच भाची म्हणाली, "मामा, घेतो मागं. एक अट हाये."

त्याला आनंद झाला. "बोल न माय."

"त्यानं इथं यावं. त्या दिवशी जे जे उभे राहून पाह्यत होते त्यायले संगं आणावं. मी दोन मारीन. एक उघड्या हाताची, एक अंगठी घालून. मंग फिटलं. केस बी मागं, समदं मागं."

मामानं पेढ्यांचा पुडा बंद केला. "नवऱ्याले कोनी मारते का?"

"नवरा झालाच नाई थो."

"बाईच्या जातीनं असं बोलू नाई, पोरी. उद्या कोन करन तुले?"

"मंग कोर्टातच भेटू. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

त्यानं चहा घेतला नाही. साडी उचलली, पेढे उचलले, आणि दारात मला म्हणाला, "तुमीच हिले असं केलं." मी म्हटलं, "आम्ही दोघींनी मिळून केलं," आणि त्याच्यामागं फाटक लावून घेतलं. नारळ तेवढा तो विसरून गेला. संध्याकाळी आम्ही त्याची चटणी केली.